दादा ठोक्याने शेती करतात, देणं सव्वापाच लाखांवर गेलंय: पैसे आधी कुठे भरायचे आणि त्याआधी काय करायचं

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला तो नीट कळलाय की नाही ते तुम्हालाही दिसेल. तुम्ही घणसोलीत राहता, महापेला रात्रपाळी करता. मोठे भाऊ हिंगोली जिल्ह्यात गावी असतात. घरची जमीन दोन एकर आणि दुसऱ्याची नऊ एकर ठोक्याने, म्हणजे ठरलेलं रोख भाडं देऊन, एकरी बारा हजार, निम्मे पाडव्याला आणि निम्मे सुगीनंतर. लागोपाठ दोन हंगाम सोयाबीन हातचं गेलं. सरकारची मदत आली ती जमीनमालकाच्या खात्यात. तुम्ही विचारलंय की पाच लाखांचं पर्सनल लोन काढून सगळं एकदम मिटवून टाकू का, आणि ठोक्याने करणाऱ्याला विमा किंवा कर्जमाफी मिळायचा काही रस्ता आहे का. मग अगदी शेवटच्या ओळीत, जाता जाता लिहावं तसं, लिहिलंय की दादा परवा फोनवर म्हणाले, "मी नसलो तर सरकार तरी लाखभर देईल पोरांना."

मी त्या ओळीपासून सुरुवात करतो. बाकीचं चार दिवस थांबू शकतं.

मी वकील आहे, डॉक्टर नाही. ठाण्यात कोर्ट नाक्याजवळ माझं ऑफिस आहे आणि बरीच वर्षं महसुली आणि कूळवहिवाटीची प्रकरणं चालवतो. जमिनीच्या कागदांसाठी येणारे लोक कर्जाचं बोलतात आणि कर्जाचं बोलता बोलता कधी कधी हेही बोलून जातात. असं वाक्य कोणी सहज बोलत नाही. बोलून झाल्यावर हसून विषय बदलला तरी नाही. म्हणून आज किंवा उद्या गावी जा. सुट्टी मिळत नसेल तर दादा ज्याचं ऐकतात असा माणूस, मेव्हणा असेल, जुना वर्गमित्र असेल, त्याला आज रात्री त्यांच्याजवळ थांबायला सांगा. वहिनींना अंधारात ठेवू नका. आणि दादांना सरळ विचारा: "जिवाचं काही बरंवाईट करायचं मनात येतं का?" असं विचारल्याने डोक्यात नसलेला विचार घुसतो ही समजूत खरी नाही. उलट बहुतेकांना सुटल्यासारखं वाटतं, कारण तोवर कोणी विचारलेलंच नसतं. उत्तर 'हो' आलं, किंवा उत्तरच आलं नाही, तर त्यांना एकटं सोडू नका. फवारणीची औषधं घरात आणि शेतातल्या खोपीत ठेवू नका, दुसऱ्याच्या ताब्यात द्या. १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. तो तुम्हीही लावू शकता, भावाशी कसं बोलायचं हे विचारायला. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराचे डॉक्टर असतात, तिथे तुम्ही स्वतः सोबत जा.

गावात अजून एक भीती असते, की अशा कारणासाठी दवाखान्यात नेलं तर पोलीस केस होईल. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने असं मानायला सांगितलंय की जीव द्यायचा प्रयत्न केलेला माणूस तीव्र ताणाखाली होता, त्याला शिक्षा करायची नाही, त्याची काळजी घ्यायची. असा प्रयत्न गुन्हा ठरवणारं जुन्या दंड संहितेतलं ३०९ कलमही १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेत ठेवलेलं नाही. तेव्हा या भीतीने कोणी अडून राहू नये.

आता त्या लाखाबद्दल. हे तुमच्यासाठी सांगतोय, दादांशी वाद घालायला नाही. शेतकऱ्याच्या आत्महत्येनंतर घरच्यांना मिळणारी ती सरकारी मदत एक लाखाची आहे. त्यातले ३० हजार हातात मिळतात आणि ७० हजार ठेवीत अडकतात. पात्र ठरायला घरातल्या कोणाच्या तरी नावावर शेतजमीन हवी, कर्ज बँकेचं, गावच्या सहकारी सोसायटीचं किंवा परवाना असलेल्या सावकाराचं हवं, आणि ते थकल्याचं व त्याचा तगादा असल्याचं दिसायला हवं. सावकाराकडे परवाना नसेल तर तुमच्या दादांच्या सव्वापाच लाखांतले जेमतेम सोसायटीचे साठ हजार या व्याख्येत बसतात. बाकीची देणी तशीच राहतात आणि ती मागायला माणसं वहिनींच्या दारात येतात. लाखाच्या आशेने काही सुटत नाही, एवढं तुमच्या मनात पक्कं असू द्या. पण हा हिशेब दादांच्या तोंडावर मारून त्यांना गप्प करू नका. ते पैशांबद्दल बोलत नसतात. आपण घरावर ओझं झालोय, असं ते सांगत असतात. त्यावर उत्तर आकड्यांनी देता येत नाही, जवळ बसूनच द्यावं लागतं.

हे झालं की मग वही उघडा.

ठोक्याच्या शेतीचं गणित दादांना येत नाही म्हणून ते बुडाले, असं तुमच्या लिहिण्यात कुठेतरी डोकावतं. तसं नाहीये. एक एकर सोयाबीन घ्या. बियाणं, खत, दोन-तीन फवारण्या, निंदणी, काढणी, मळणी मिळून सोळा-सतरा हजार सहज जातात. बऱ्या वर्षी सात क्विंटल आलं आणि बाजारात ४,२०० ने गेलं तर हातात २९,४०० येतात. सोयाबीनचा २०२५-२६ चा हमीभाव ५,३२८ आहे, पण काढणीच्या आठवड्यात उधारी फेडायला आडत्याकडे माल टाकणाऱ्याला तो भाव बघायला मिळत नाही. म्हणजे जमीन ज्याची स्वतःची आहे त्याला एकरी बारा हजारांच्या आसपास सुटतात. ठोक्याने करणाऱ्याला? तेवढाच ठोका. त्याच्या घरच्यांची चार महिन्यांची मजुरी फुकट. आणि हे बऱ्या वर्षाचं सांगतोय. तीन क्विंटल आलं तर साडेबारा हजारांत खर्चही निघत नाही आणि वर ठोका द्यायचाच असतो. पाऊस पडो न पडो, मालकाचा आकडा हलत नाही. सगळी जोखीम एका बाजूला आणि सगळी हमी दुसऱ्या बाजूला, असा हा व्यवहार आहे.

मग लोक तो करतात का? घरात हात असतात, बैल किंवा ट्रॅक्टरचा हप्ता असतो आणि दोन एकरांत ते सगळं बसत नाही. शिवाय एक गोष्ट मी वारंवार पाहिली आहे. गेल्या वर्षी तोटा झाला की माणूस या वर्षी एकर कमी करत नाही, वाढवतो. तोटा भरून काढायचा असतो ना. तुमच्या दादांचं क्षेत्र गेल्या तीन वर्षांत किती होतं ते विचारा. सहाचे नऊ झाले असतील तर मला नवल वाटणार नाही.

आता कागद. तुम्ही विचारलंय की पीक दादांचं आणि पैसे मालकाच्या खात्यात, हे कुठल्या कायद्यात बसतं. दुर्दैवाने सगळीकडेच बसतं. केंद्राची पीएम-किसान २०१९ ला सुरू झाली, वर्षाला सहा हजार, ती जमीन नावावर असलेल्या कुटुंबाला. राज्याची नमो योजना तिच्याच यादीवर चालते. अतिवृष्टीची मदत कोरडवाहूला केंद्राच्या निकषाप्रमाणे हेक्टरी ८,५०० आणि दोन हेक्टरांच्या मर्यादेत, म्हणजे एका मालकाला जास्तीत जास्त १७ हजार, ते खातेदाराच्या खात्यात. २०१९ ची महात्मा फुले कर्जमुक्ती दोन लाखांपर्यंतच्या थकीत पीककर्जाला होती, म्हणजे ज्याला बँकेने मुळात कर्ज दिलंय त्याला. ठोक्याने करणाऱ्याचं कर्ज कृषी केंद्राच्या, म्हणजे बी-खताच्या दुकानाच्या वहीत आणि सावकाराच्या डोक्यात असतं. तिथे कुठलीच कर्जमाफी पोचत नाही. ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाईलवरून पिकाची नोंद, १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर आली, पण तीही पीक नोंदवते, कसणाऱ्याचा घाम नोंदवत नाही.

मृत्यूची आकडेवारीसुद्धा याच कागदावर चालते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात शेती क्षेत्रातल्या ११,२९० आत्महत्या आहेत, त्यातल्या ५,२०७ शेतकऱ्यांच्या आणि ६,०८३ शेतमजुरांच्या. ४,२४८ एकट्या महाराष्ट्रातल्या. त्या अहवालात दुसऱ्याची जमीन कसणारा 'शेतकरी' याच गटात धरायचा असतो. पण पंचनाम्याला उभा असलेला माणूस सातबारा विचारतो आणि सातबाऱ्यावर नाव नसलं की धंदा 'मजुरी' असा लिहिला जाण्याची शक्यता किती, हे ज्याने असे पंचनामे वाचलेत त्याला विचारा. मजुरांचा आकडा शेतकऱ्यांपेक्षा मोठा दिसतो, त्यात असे किती दडलेत हे मोजायचं साधनच कागदावर नाही.

आणि मालक लिहून का देत नाही? तो लबाडच असतो असं नाही. इथे ठाण्यात बसून मला त्याची बाजूही दिसते, कारण त्या भीतीचा जन्म इकडचाच आहे. १९३३ साली अलिबागजवळच्या चरीच्या शेतकऱ्यांनी खोतांविरुद्ध सहा वर्षं संप केला. १९४५ ला तलासरीकडे वारल्यांचं बंड झालं. मग १९४८ चा कूळकायदा आला आणि १ एप्रिल १९५७ ला, कृषक दिनी, कसणारी कुळं जमिनीची मालक मानली गेली. ज्यांच्या आजोबांनी कूळकायद्याच्या ३२-ग कलमाखाली ठरलेली किंमत हप्त्याने भरून ३२-म चं खरेदीचं प्रमाणपत्र घेतलं आणि ज्यांची नावं सातबाऱ्यावर चढली, त्यांच्या नातवंडांना, जमीन नवी मुंबईसाठी घेतली गेल्यावर, तिच्या बदल्यात साडेबारा टक्क्यांचे भूखंड मिळाले. नुसतं तोंडी कसणारा तसाच राहिला. ही गोष्ट इकडच्या प्रत्येक आगरी-कुणबी घरात माहीत आहे. तुमच्याकडे मराठवाड्यात कायदा वेगळा, हैदराबादचा १९५० चा, पण धडा तोच पोचलाय: दुसऱ्याच्या हातात कागद गेला की जमीन जाते. म्हणून मालक दर पाडव्याला तोंडी व्यवहार करतो आणि दोन-तीन वर्षांनी माणूस बदलतो. गरिबाला जमीन मिळावी म्हणून केलेला कायदा आज दुसऱ्या गरिबाला कागद मिळू देत नाही. हे कटू आहे, पण कायदा चूक होता असं मी म्हणणार नाही. त्याच्यामुळे या जिल्ह्यातली हजारो घरं उभी आहेत.

यावर तोडगा निघू शकतो, हे आंध्राने दाखवलंय. २०११ ला त्यांनी परवानाधारक कसणाऱ्यांचा कायदा केला, २०१९ ला तो बदलून पीक घेणाऱ्याला अकरा महिन्यांचं कार्ड द्यायची सोय केली. कार्डाने जमिनीवर हक्क येत नाही, फक्त त्या हंगामाचं पीक कोणाचं ते ठरतं. नीती आयोगाने २०१६ ला जमीन भाडेपट्ट्याचा नमुना कायदा मांडला, त्यामागेही हाच विचार होता. तेलंगणात उलट झालं. २०१८ ला त्यांनी रयतु बंधू योजनेत एकरी चार हजार हंगामाला द्यायला सुरुवात केली आणि कसणाऱ्याला त्यातून बाहेर ठेवलं. आपल्याकडे आंध्रासारखं कार्ड मिळत नाही. तेव्हा आहे त्या चौकटीतच आपल्याला वाट काढायची आहे.

पीकविम्यात कागदोपत्री ठोक्याने आणि बटईने, म्हणजे पिकातला वाटा देऊन, करणारेही पात्र आहेत, पहिल्यापासून, म्हणजे २०१६ पासून. फक्त पोर्टलवर नोंदणीकृत भाडेकरार चढवावा लागतो आणि तिथेच गाडी अडते. एक रुपयाचा विमा खरीप २०२३ ला आला आणि २०२५ ला गेला. आता खरिपाला दोन टक्के हप्ता आहे. मालक दुय्यम निबंधकाकडे यायला तयार असेल तर उत्तमच. करारात मुदत एका हंगामाची घाला, पीक लिहा, गट नंबर लिहा. तयार नसेल, आणि बहुधा नसेलच, तर दुसरा उपाय: विमा मालकाच्या नावाने काढा, हप्ता दादांनी भरावा, आणि भरपाई किंवा अनुदान जे येईल ते ठोक्यातून वजा होईल असं साध्या कागदावर दोन साक्षीदारांसमोर लिहून घ्या. कोर्टात हा कागद फार ताकदीचा नाही. पण गावात पाच माणसांसमोर त्याला किंमत असते, आणि त्याने मालकाच्या जमिनीला धक्का लागत नाही, म्हणून तो सही करतो. मी असे कागद बरेच लिहून दिलेत. शहापूर-मुरबाडकडे भाताला आणि भेंडीला जमीन घेणाऱ्यांचेही.

आता तुमचे पर्सनल लोनचे पाच लाख. समजा चौदा टक्क्यांनी पाच वर्षांसाठी मिळालं, तर महिन्याला साडेअकरा हजारांवर हप्ता. रात्रपाळीच्या पगारात, घणसोलीतलं भाडं देऊन. तुम्ही तो दोन वर्षं ओढाल आणि तिसऱ्या वर्षी तुम्हीच मला प्रश्न विचाराल. एकदम सगळं फेडू नका. प्रत्येक देणं वेगळं आहे आणि प्रत्येकाशी वेगळं वागायचं आहे. तुम्ही दिलेली यादी अशी: सोसायटी साठ हजार, सावकार दोन लाख, कृषी केंद्र एक लाख छत्तीस हजार, वहिनींच्या नावावर मायक्रोफायनान्स पंचाहत्तर हजार आणि ठोक्याची बाकी चोपन्न हजार.

पहिली सोसायटी. लोक नेमकी हीच शेवटी ठेवतात, कारण तिथे कोणी दारात येऊन ओरडत नाही आणि कर्जमाफीची आशा असते. पण वेळेत फेडलं तर तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज आपल्या राज्यात शून्य टक्क्यावर पडतं. घरात येणाऱ्या पैशांतला सगळ्यात स्वस्त पैसा हाच. थकबाकी भरली की पुढच्या हंगामाचं कर्ज उभं राहतं आणि तेवढ्यापुरती तरी बियाण्याची उधारी टळते. तुम्ही कर्ज काढणारच असाल तर त्यातले पहिले साठ हजार इथे भरा. आशेवर थांबायचं की नाही, हे मात्र परिस्थितीवर आहे. माफीचा आदेश प्रत्यक्ष निघाला असेल आणि दादांचं खातं त्याच्या तारखांत बसत असेल, तर सोसायटीच्या गटसचिवाला विचारून मग भरा. आदेश नसताना भाषणांवर विसंबू नका.

सावकाराचं प्रकरण मोठं आहे. दोन लाख, शेकडा तीन महिन्याला. म्हणजे महिन्याला सहा हजार आणि वर्षाला बहात्तर हजार नुसतं व्याज. त्याच्याकडे परवाना आहे का, हे आधी बघा. परवाना असेल तर २०१४ च्या सावकारी कायद्याखाली शेतकऱ्याला विनातारण कर्जावर वर्षाला बारा टक्के आणि तारण असेल तर नऊ टक्के, याच्यावर व्याज लावता येत नाही. म्हणजे दोन लाखांवर चोवीस हजार. परवाना नसेल तर तो धंदाच गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. तक्रार तालुक्याच्या सहाय्यक निबंधकाकडे किंवा जिल्हा उपनिबंधकाकडे जाते, पोलिसांकडेच जायला पाहिजे असं नाही. व्याजापोटी जमीन लिहून घेतली असेल तर कलम १८ खाली ती परत मिळवता येते, व्यवहार पंधरा वर्षांच्या आतला असला पाहिजे.

तक्रार करायची का? इथे मी लोकांना लगेच हो म्हणत नाही. तुम्ही घणसोलीला परत येणार, दादा गावातच राहणार. सावकार हा पुष्कळदा अडचणीच्या रात्री दवाखान्याला पैसे देणारा एकमेव माणूस असतो, आणि कधी कधी तोच जमीनमालक असतो, किंवा त्याचा चुलता. आजवर किती व्याज दिलं ते तारखांसकट लिहून काढा, फोनवरचे पैसे पाठवल्याचे मेसेज जपा, आणि मग तुम्ही स्वतः, दादा नव्हे, त्याच्याकडे जा. दिलेलं व्याज मुद्दलात धरून राहिलेली रक्कम ठरवा. कायदा तुम्हाला माहीत आहे एवढं बोलण्यातून कळू द्या, धमकी देऊ नका. बहुतेक जण इथेच उतरतात. रक्कम देताना कोरा चेक, सही केलेला स्टॅम्प पेपर, जे काही त्याच्याकडे असेल ते परत घेतल्याशिवाय शेवटचा हप्ता हातातून सोडू नका. तो ऐकत नसेल, घरी येऊन अपमान करत असेल, तर मात्र तक्रार करा आणि त्या दिवशी तुम्ही गावात हजर राहा.

यातली सगळ्यात महत्त्वाची सूचना आता. घरच्या दोन एकरांवर कोणालाही खरेदीखत, मुदतखरेदी, इसारपावती, काहीही करून देऊ नका. "नुसतं नावाला आहे, पैसे दिले की फिरवून देतो" असं सांगतात. ती दोन एकरं सातबाऱ्यावर आहेत म्हणून दादांना सोसायटी आहे, पीएम-किसान आहे, शेतकरी ओळखपत्र आहे. ती गेली की कागदावर ते शेतकरीच उरत नाहीत. जमीन अजून वडिलांच्या नावावर असेल तर वारसनोंद करून घ्या. तुमचं नाव सहहिस्सेदार म्हणून लागलं तर तुमच्या सहीशिवाय तुमचा हिस्सा कोणी लिहून घेऊ शकत नाही. दादांच्या डोक्यावर कोणी उभं राहिलं तर हाच आडोसा.

मायक्रोफायनान्सचा हप्ता वहिनींच्या नावावर आहे आणि तो चुकला की गटातल्या बायकांशी वैर येतं. म्हणून तो तुमच्या पगारातून चालू ठेवा. एकरकमी भरू नका. वसुलीवाल्यांना सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर फोन करायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे, हे वहिनींना सांगून ठेवा. कृषी केंद्रवाला दुकानदार आहे, त्याला गिऱ्हाईक हवंय. पक्की बिलं मागा, उधारीचा भाव आणि रोखीचा भाव यांतला फरक बघा, आणि सुगीला हप्ते बांधून घ्या. एवढं तो मान्य करतो. ठोक्याच्या बाकीतून मालकाला मिळालेली मदत वजा करून मागा. त्याला १७ हजार आले असतील तर चोपन्नाचे सदतीस होतात. विमा आला असेल तर आणखी कमी. हे मागताना आवाज चढवू नका. त्याने नाही म्हटलं तरी मागितल्याचं राहतंच आणि पुढच्या वर्षीच्या बोलण्याला ते कामी येतं.

असं केलं तर तुम्हाला पाच लाख लागत नाहीत. दीड लाखात सोसायटी मिटते आणि सावकाराला पहिली मोठी रक्कम जाते. हप्ता साडेतीन हजारांच्या आसपास. तो तुम्हाला झेपेल.

राहिली पुढच्या हंगामाची जमीन. माझं मत विचाराल तर नऊ एकर सोडा. तीन-चार ठेवा आणि तीही ठोक्याने नको, बटईने मागा, म्हणजे पीक बुडालं तर मालकाचंही बुडेल. मालक ठोक्यावरच अडला तर निदान अट घाला, की गावाची अंतिम पैसेवारी, म्हणजे पीक रुपयात किती पैसे आलं याचा सरकारी अंदाज, ५० पैशांच्या खाली आली तर ठोका निम्मा. पैसेवारी सरकार जाहीर करतं, डिसेंबरअखेर कळते, तिच्यावर दोघांनाही वाद घालता येत नाही. मी ही अट पहिल्यांदा सुचवली तेव्हा समोरचा मालक हसला होता, पण त्याने सही केली, कारण आकडा त्याचा नव्हता आणि कुळाचाही नव्हता. बँकेत गेलात तर संयुक्त देयता गटाचं, म्हणजे एकमेकांची हमी घेऊन कर्ज काढणाऱ्या गटाचं विचारा. चार ते दहा जण, जमिनीचा कागद नसलेल्यांसाठीच ती सोय आहे, तोंडी कसणाऱ्यांनाही चालते. शाखाधिकारी उत्साह दाखवणार नाही. नाबार्डच्या जिल्हा विकास व्यवस्थापकाला भेटून मग शाखेत गेलात तर जरा हलतात.

दादांना एकर कमी करणं कमीपणाचं वाटेल. 'अकरा एकर करतो' याला गावात एक वजन असतं. हे तुम्ही शहरातून शहाणपण सांगितल्यासारखं सांगू नका. त्यांच्या बरोबरीच्या कोणी एकर कमी केले असतील तर त्याच्याकडून ऐकू द्या. आणि त्यांना इकडे आणून वाशीच्या मार्केटात किंवा कुठे वॉचमन म्हणून लावायचा विचार तुमच्या मनात आलाच असेल. दोन-चार महिन्यांसाठी, सुगीनंतर, त्यांना पटलं तर ठीक. पण आत्ताच्या मनःस्थितीत त्यांना घरापासून तोडून एका खोलीत, तुम्ही रात्री कामावर असताना, एकटं ठेवू नका.

निघण्याआधी मोबाईलवर दोन एकरांचा डिजिटल सहीचा सातबारा आणि आठ-अ काढून घ्या, सातबाऱ्याला १५ रुपये पडतात. मालकाच्या नऊ एकरांचाही सातबारा काढा. त्यावर बोजा कोणाचा आहे आणि गेल्या खरिपाला पीक काय नोंदलंय ते बघा. मालकाने सोयाबीनऐवजी दुसरं काही नोंदवलेलं सापडलं, तर त्याच्याशी बोलण्याआधी मला इथेच विचारा. सोसायटीचा खातेउतारा गटसचिव देतो. मालकाशी बोलणं मात्र पाडव्याच्या निदान महिनाभर आधी करा. पाडव्याला जमीन दुसऱ्याला दिली की त्याच्याकडे ऐकून घ्यायचं कारण उरत नाही, आणि दादांनी तोवर पुन्हा नऊ एकरांचा शब्द देऊन टाकला तर वर लिहिलेलं सगळं पुढच्या वर्षावर जातं.